घरी ड्रिंक बनवताय? आधी या चुका टाळा

नवशिक्याच्या घरी गेलं की बाटली नेहमी चांगली असते. पहिल्या पगारातून घेतलेली, नाहीतर कुणीतरी ड्यूटी फ्रीमधून आणलेली, शोकेसमध्ये दिमाखात उभी. बाकी सगळं मात्र कसंतरी उरकलेलं असतं. सोडा कोमट, बर्फाला फ्रीजरचा वास, लिंबू दुपारीच पिळून ठेवलेलं आणि मापाचा तर पत्ताच नाही. मग पहिल्या घोटाला पाहुणा तोंड वाकडं करतो आणि दोष बाटलीच्या माथी जातो. ग्लासात दारू असते 60 मिली, आणि उरलेलं 150 ते 200 मिली असतं सोडा, टॉनिक, पाणी, लिंबू. तरी सगळा खर्च आणि सगळी चर्चा त्या 60 मिलीभोवतीच फिरते. वर्षानुवर्षं हेच बघत आलोय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

हे ज्यांनी प्यायचं आधीच ठरवलंय त्यांच्यासाठी आहे. जो पीत नाही त्याला आग्रह करू नका. महाराष्ट्रात रम, व्हिस्की, जिन यांसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. तो दुकानात एका दिवसापुरताही मिळतो, मागून घ्या. गोव्यात वयाची अट 21 ची आहे.

न मोजता ओतणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि सगळ्यात जास्त समर्थनही हिचंच होतं. "आपल्याला अंदाज आहे रे!" कुणालाही अंदाज नसतो. दोन बोटांचा हिशेब घ्या. बोटं आडवी धरली की साधारण साडेतीन सेंटिमीटर उंची होते. ग्लास आतून 6 सेंटिमीटर रुंद असेल तर तेवढ्यात जवळपास 100 मिली बसतात. तोच ग्लास 8 सेंटिमीटर रुंद असेल तर 175 मिली. म्हणजे जवळजवळ अख्खी क्वार्टर (180 मिली), आणि ओतणारा म्हणतो, "एक लार्ज भरला." लार्ज म्हणजे 60 मिली, स्मॉल म्हणजे 30. आपल्याकडच्या बहुतेक रम-व्हिस्कीवर 42.8 टक्के छापलेलं असतं, म्हणजे 30 मिलीच्या एका स्मॉलमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ते निपटायला यकृताला साधारण एक तास लागतो, अनेकांना त्याहून जास्त. आता ती दोन बोटं परत मोजून बघा.

कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर मित्राच्या भाच्याने मोहितो करायचं ठरवलं होतं. माणसं पंधराएक. एकेक ग्लास कोण बनवत बसणार, म्हणून त्याने स्वच्छ धुतलेली बादली घेतली. तीत पांढऱ्या रमच्या तीन बाटल्या, लिंबाच्या चवीच्या कोल्ड्रिंकच्या सव्वादोन लिटरच्या दोन बाटल्या आणि मिक्सरमधून काढलेला पुदिना. मी पोहोचलो तेव्हा बादली निम्मी झाली होती. हिशेब सरळ आहे: 2250 मिली रम आणि 4500 मिली गोड पाणी, म्हणजे एक तृतीयांश रम. 240 मिलीच्या प्रत्येक ग्लासात 80 मिली. लार्जपेक्षाही जास्त, आणि चव मात्र सरबताची. उन्हातून आलेली, पोटात काही नसलेली पोरं तासाभरात तीन-तीन ग्लास रिचवून बसली होती.

साडेआठला एकाला उलट्या सुरू झाल्या. दुसरा एक मुलगा व्हरांड्यात उताणा पडला होता आणि दोघं जण त्याच्या तोंडात लिंबूपाणी घालायच्या बेतात होते. मी ग्लास हिसकावून घेतला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवला, वरचा गुडघा पुढे घेतला, तोंड जरा जमिनीकडे केलं आणि त्याच्यापाशी बसून राहिलो. हाक मारली की तो डोळे उघडत होता, श्वास नियमित होता. तसं नसतं, म्हणजे हाकेला ओ नसती, श्वास मंद किंवा तुटक असता, ओठ निळे पडले असते, तर तिथेच 108 लावायचा होता. हे पाठ करून ठेवा. "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून कुणालाही खोलीत एकटं टाकून येऊ नका.

त्या भाच्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला घाई होती, आणि या प्रकारात घाई करणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती वाटत नाही. पंधरा ग्लास बनवायला अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसेल तर त्या दिवशी बिअर आणावी.

मोहितो असा करा. ग्लासात पुदिन्याची आठ-दहा पानं, 20 मिली साखरेचा पाक, 25 मिली लिंबाचा रस. पानं चमच्याच्या मागच्या बाजूने फक्त दाबायची, चिरडायची नाहीत. चिरडलेला पुदिना कडवट होतो आणि काळा पडतो. मग 60 मिली रम, काठोकाठ बर्फ, वरून गार सोडा. तळापासून एकदा वर ढवळा, झालं.

मापासाठी 30 आणि 60 मिलीचं दुतोंडी स्टीलचं माप मिळतं, ते घ्या. ते हाताशी नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं, मिलीच्या खुणा असलेलं टोपण चांगलं घासून धुऊन वापरा. लिंबाचा रस आणि पाक मी आजही त्यानेच मोजतो, कारण तिथे 5 मिलीनेही चव बदलते.

बर्फाची कंजुषी

"दोनच खडे टाक, नाहीतर पाणचट होतं." प्रत्येक बैठकीत हे वाक्य ऐकू येतं, आणि ते उलटं आहे. दोन खडे कोमट पेयात पडले की भराभर वितळतात, त्यांचं पाणी होतं आणि ग्लास तरीही धड गार होत नाही. ग्लास बर्फाने भरलेला असेल तर पेय चटकन गार होतं, गारच राहतं आणि बर्फ सावकाश वितळतो.

खरं पाणी कुठून येतं ते सांगतो. कपाटातून काढलेला 150 मिली सोडा मुंबईच्या हवेत 30 अंशांवर असतो. त्याला शून्यापर्यंत खाली आणायला साधारण 56 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे ट्रेमधले जवळजवळ तीन खडे. तोच सोडा फ्रिजमधून 5 अंशांवर निघाला असेल तर 9-10 ग्रॅममध्ये काम होतं. पाणचटपणाचा इलाज हा असा आहे: सोडा, टॉनिक, कोला आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये टाका. गार पेयात वायू जास्त विरघळून राहतो, त्यामुळे बुडबुडेही टिकतात. कोमट सोडा बर्फावर ओतला की फसफसून तिथेच मरतो.

दुसरी गोष्ट वासाची. आपल्या फ्रीजरमध्ये बोंबील असतात, आलं-लसणाची पेस्ट असते, मागच्या महिन्यातलं मटण असतं, आणि त्यांच्या शेजारी बर्फाचा उघडा ट्रे. बर्फ हे सगळे वास ओढून घेतो. सुरमईचा वास मारणारी जिन मी प्यायलोय आणि यजमान मला बाटलीची किंमत सांगत होता. झाकणाचा ट्रे वापरा, बर्फ तयार झाला की पिशवीत काढून तोंड घट्ट बांधा. व्हिस्कीसाठी मी स्टीलच्या वाटीत पाणी गोठवतो, मोठा ढेकूळ सावकाश वितळतो. आणि बैठक असेल तर विकतचा बर्फ आणा, पण तो खाण्याचा आहे ना हे विचारून. मासळी ठेवायचा बर्फ ग्लासात टाकायचा नसतो.

लिंबू

आपल्या कागदी लिंबासारखं लिंबू या कामाला दुसरं नाही, आणि तरी आपण ते वाया घालवतो. सकाळी पिळून ठेवलेल्या रसाची रात्रीपर्यंत रया जाते. पाहुणे आल्यावर पिळा. लिंबाचा शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळू नका, त्यात सालीचा कडूपणा उतरतो. पिळलेली फोड ग्लासात टाकून चमच्याने कुस्करणं तर बंदच करा. बाटलीतला तयार रस स्वयंपाकघरातही नको, ग्लासात तर मुळीच नको.

साखर गार दारूत विरघळत नाही, दाणे तळाशी बसतात. समान मापात साखर आणि पाणी घेऊन गरम करा, विरघळली की उतरवा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. पंधरा दिवसांत संपेल एवढाच पाक करा.

जिनमध्ये सोडा आणि वर फळांचं दुकान

टॉनिक म्हणजे सोडा नव्हे. त्यात क्विनाईन असतं, म्हणून ते कडसर लागतं, आणि त्या कडसरपणाशीच जिनला तिची खास चव देणाऱ्या जुनिपर या फळाचं जमतं. जिनमध्ये लिंबाच्या चवीचं गोड कोल्ड्रिंक घालायचं असेल तर साधी व्होडका आणा, पैसे तरी वाचतील. 50 मिली जिन, 125 ते 150 मिली गार टॉनिक, बर्फाने भरलेला ग्लास. आधी जिन, मग टॉनिक कडेने हळू सोडायचं, चमचा एकदाच फिरवायचा. वर लिंबाची एक चकती. गोव्यात गेल्या काही वर्षांत फार चांगल्या जिन बनू लागल्यात. त्यांच्यावर काकडी, स्ट्रॉबेरी, दालचिनी आणि वेलची असं सगळं एकदम टाकणं म्हणजे बनवणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी ओतणं.

गोव्याहून येताना

उर्राक आणि फेणी एकच समजणारे लोक दर एप्रिलमध्ये भेटतात. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. उर्राक सौम्य असते, हंगाम साधारण मार्च ते मे, आणि ती साठवायची गोष्ट नव्हे. लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का, एवढ्यात ती सुंदर लागते. सौम्य म्हणून तांब्याने पिऊ नका, कर्जतच्या बादलीचा धडा इथेही लागू आहे. फेणीची ताकद व्हिस्कीइतकीच. तिच्या वासाला घाबरून कोलामध्ये बुडवणाऱ्यांना माझी विनंती आहे की 30 मिली फेणी, लिंबू, मीठ आणि भरपूर गार सोडा असं एकदा घेऊन बघा. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपल्या शेजारची दारू आहे, तिला नीट भेटा.

रस्त्याकडेला पाण्याच्या बाटलीत भरून मिळणारा माल घेऊ नका, तो कुणाचाही असो. 2015 साली मुंबईत, मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. अशा दारूतलं विष, मेथॅनॉल, डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळतही नाही. परवाना असलेल्या दुकानातली, सीलबंद बाटलीच घ्या. आणि गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणायची तर परवाना लागतो, हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर वाद घालून उपयोग नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रस, पाक किंवा अंडं असेल तर हलवायचं, नुसतीच दारू असेल तर ढवळायचं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालते, पण तीत सोडा किंवा टॉनिक घालून हलवू नका, झाकण उडतं.

व्हिस्की बाटलीत मुरत नाही. आजोबांनी वीस वर्षं कपाटात ठेवलेली 12 वर्षांची बाटली 12 वर्षांचीच असते. ती उभी ठेवा, आडवी ठेवली तर दारू बूच खाते. व्हर्मूथ मात्र वाईन आहे. उघडली की फ्रिजमध्ये आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

एनर्जी ड्रिंकमध्ये दारू घालू नका. झोप येत नाही म्हणून नशा कमी झालेली नसते, माणूस फक्त जास्त पीत राहतो. चढलेली कॉफीने उतरत नाही, ताकानेही नाही. गाडीसाठी कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. ती एका लार्जने गाठली जाऊ शकते, तेव्हा किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या. आणि चकणा म्हणजे नुसते खारे शेंगदाणे नव्हेत, आधी पोटभर जेवण किंवा निदान ऑम्लेट-पाव तरी हवा.

बिघडलंच तर

शिकायला सुरुवात डायकिरीने करा: 60 मिली पांढरी रम, 25 मिली लिंबू, 20 मिली पाक, बर्फाबरोबर बरणीत 12 ते 15 सेकंद जोरात हलवून गाळायचं. तीनच वस्तू, त्यामुळे चूक लपत नाही. जास्त आंबट लागलं तर 5 मिली पाक, जास्त गोड लागलं तर 5 मिली लिंबू. दोन्ही एकदम घालू नका. घशात जळजळ होत असेल तर नीट हललेलं नाही, पुन्हा बर्फ घालून आणखी पाच-सहा सेकंद हलवा. बेचव आणि पाणचट लागलं तर बर्फ आधीच ओला होता, पुढच्या वेळी तो फ्रीजरमधून थेट बरणीत टाका. कडू लागलं तर लिंबू जास्त पिळलंय. त्यावर साखरेचा इलाज नाही, ते ओतून द्या आणि नवं लिंबू कापा.