मेटलवाला आणि रागदारीवाला एका खाटेवर: गावात गाण्यांची देवाणघेवाण कशी करायची

आमच्या गावात हेवी मेटल, म्हणजे विजेच्या गिटारचं आणि ड्रमचं दणदणीत रॉक, ऐकणारे अडीच जण आहेत. एक मी, एक कृषी केंद्रावर बसणारा पोरगा, आणि अर्धा म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याला गाण्यापेक्षा काळे टी-शर्ट जास्त आवडतात. शास्त्रीय ऐकणारे दोघंच, एक रिटायर झालेले मास्तर जे भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि दुसरे मंडळातलेच तबलेवाले काका. तरी महिन्यातून एकदा आमची बैठक बसते, वावरातल्या खोपडीत नाही तं मास्तरांच्या ओसरीवर, आणि आतापर्यंत भांडण एकदाच झालं, तेही चहात साखर कमी पडली म्हणून. तुमच्या गावात असं काही जमवायचं असेल तं कसं करायचं ते सांगतो.

आधी माणूस शोधा

शहरात हे सोपं असतं, गावात थोडी टेहळणी करावी लागते. टी-शर्टवर भरवसा ठेवू नका. आठवडी बाजारात कवटीचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा दिसला म्हणून मी मोठ्या आशेनं विचारलं, बॅण्ड आवडते का बे, तं तो म्हणे, "मले वाटलं कंपनीचं नाव हाय." खरे ऐकणारे दुसरीकडं सापडतात. नागपूर-पुण्याला होस्टेलला राहून आलेली पोरं, लग्नात डीजे लावणारा (त्याला गाणं कळो न कळो, बेस कळते), काकड्याला पेटी-तबला वाजवणारी मंडळी. त्यांना पहिल्या दिवशी गाणं पाठवू नका. काय ऐकता एवढंच विचारा, आणि ते जे सांगतील ते आधी तुम्ही घरी जाऊन ऐका. मी मास्तरांकडं पहिल्यांदा गेलो ते मारवा राग ऐकून गेलो होतो, नाही तं त्यांनी मला ओसरीवर बसू दिलं नसतं.

एका माणसाला एकच गाणं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. आपण जोशात येऊन वीस लिंका पाठवतो आणि समोरचा एकही ऐकत नाही. एकच द्या, आणि तेही त्याचा कान पाहून.

मेटलवाल्याला वेग आवडत असेल तं सतारीचा 'झाला', म्हणजे शेवटचा वेगवान भाग, लावा, नाही तं द्रुत तराणा. सरळ विलंबित, म्हणजे संथ, ख्यालावर नेऊन बसवू नका, विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते आणि त्या मिनिटात पोरगा मोबाईल काढते. पण ज्याला डूम आवडते, म्हणजे तेच जड, हळूहळू सरकणारं मेटल, त्याला मात्र खुशाल विलंबितच द्या, उस्ताद अमीर खाँचा मारवा द्या, त्याला घाई नसतेच.

उलट बाजूनं, रागदारीवाल्याला मेटल द्यायचं असेल तं पाश्चात्त्य शास्त्रीय हा मधला पूल चांगला आहे. विवाल्डीच्या 'समर'चा शेवटचा वेगवान भाग ऐकवा आणि लगेच यंगवी माल्मस्टीनची गिटार, तो पॅगानिनीच्या व्हायोलिनवर जीव टाकणारा माणूस, दोघांच्या ताना एकाच जातीच्या वाटतात. फिनलंडचे अपोकॅलिप्टिका तं चेलोवरच, म्हणजे मोठ्या, खर्जातल्या व्हायोलिनवर, मेटल वाजवतात, १९९६ च्या पहिल्या अल्बममध्ये चार चेलो आणि सगळी मेटालिका या मेटल बॅण्डची गाणी, त्यात आरडाओरडा नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला बरं पडते. मेटालिकानं स्वतः १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसोबत कार्यक्रम केला होता, तो मी लावला तं मास्तर म्हणाले, "एवढी माणसं बसवून यायले पेटीवाला एक नाही भेटला?"

डीजेवाल्या पोरासाठी दिल्लीचा ब्लडीवूड बॅण्ड आहे. ढोल आणि गिटार एकत्र, २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन फेस्टिवलला वाजवून आले. त्याला दुसरं काही समजवावं लागत नाही.

सामान

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवू नका, यावर मी अडून बसतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, मेटलवाले ती अजून खाली उतरवतात, आणि मोबाईलचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ देतच नाही. म्हणजे मेटलचं पोटच गायब, उरते ते डब्यात खिळे हलवल्यासारखं. तानपुऱ्याच्या खर्जाचंही तेच होते. मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवायचा जुगाड सगळ्यांना माहीत आहे, त्यानं आवाज मोठा होते पण खर्ज काही येत नाही. जुना होम थिएटर असेल तं उत्तम, नाही तं बरे इअरफोन दोन आणि एका पिनचे दोन करणारी वायर. आवाज बेताचा ठेवा, कान गेला तं दोन्ही गाणी गेली.

आणि गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा. आमच्याकडं लाइन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जाते. पण रातच्या लाइनीचा एक फायदा आहे, पंप चालू करून ओलित करायला वावरात जावंच लागते, पाणी दांडातून शेवटच्या सरीपर्यंत पोचेस्तोर एक अख्खा राग होते. जागलीवर ऐकलेला मालकंस मला घरी कधीच तसा लागला नाही.

कान कुठं ठेवायचा ते सांगा

गाणं लावायच्या आधी दोन वाक्यं बोला. दोनच. पण ती नेमकी पाहिजे.

मी मास्तरांना ब्लॅक सॅबथ या बॅण्डचं पहिलं गाणं लावलं तेव्हा आधी गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर, टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा, पुढं या बॅण्डचा गिटारवाला, पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचीच बोटं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, पुढं १९७१ च्या अल्बमपासून त्या ढिल्या करून सूरही खाली आणला. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच समजते. मग म्हटलं, आता फक्त तीन सूर ऐका: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. त्यांचा १९७० चा पहिला अल्बम याच तीन सुरांवर उघडते. मास्तरांनी पेटी ओढली, तीन पट्ट्या दाबल्या आणि थांबले. "हा तं आपला मारव्याचा मध्यम होय. पंचम कुठी गेला?"

तिथून जे सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. मेटलमधला पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प, बाकी काही नाही, आणि आपला तानपुराही बहुतेक रागांत प-सा-सा-सा असाच लागते. मारव्यात पंचम वर्ज्य म्हणून तिथं तानपुरा निषादावर लावतात. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, त्यानं एका सुरातून अनेक सूर झणझणायला लागतात. गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, करते तेच, फक्त विजेवर आणि जरा दांडगाईनं. हे मला मास्तरांनी समजवलं, मी पंधरा वर्षं मेटल ऐकून मला ते सुचलं नव्हतं.

मग त्यांची पाळी. त्यांनी वसंतराव देशपांड्यांचा मारवा लावला, वसंतराव जन्मले मूर्तिजापूरला, त्यामुळं आमच्याकडं त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. मास्तर एवढंच म्हणाले, "सा कुठी येते ते पाह्य." मी वाट पाहत बसलो, गाणं रिषभ-धैवतावरच फिरते, सा टाळून टाळून पुढं जाते, संध्याकाळची वेळ, दिवे लागायचे, आणि छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. ती बेचैनी मला ओळखीची होती.

तबलेवाल्या काकांना सूर-बीर नको, त्यांना हिशोब द्या. स्वीडनचा मेशुग्गा बॅण्ड लावा आणि सांगा, डाव्या-उजव्या पायाचे ड्रम आणि गिटार एका हिशोबानं चालते, हातातली झांज मात्र सरळ चारावर, आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधा. काका मांडीवर टाळी-खाली धरून बसले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर समेवर हात आपटला आणि म्हणाले, "अजून एकदा लाव." टूल बॅण्डचा ड्रमर डॅनी कॅरी तबला शिकलेला आहे हे सांगितल्यावर तं त्यांनी त्याला शिष्यच मानलं.

वाजत असताना गप्प बसा

"आता येते पाहा, आता येते" हे बंद. गाणं संपल्यावर आवडलं का असंही विचारू नका, माणूस भिडेपोटी हो म्हणते. कंटाळा कुठं आला ते विचारा, त्यातून पुढचं गाणं कोणतं द्यायचं ते कळते. दहा मिनिटांच्या पुढं नको, आणि थांबव म्हटलं की थांबवायचं, रुसायचं नाही.

बोंबलण्याचा प्रश्न

"हा बोंबलते काऊन?" हे येणारच. मेटलमधली ती घशातली डरकाळी, तिला ग्राउल म्हणतात, ते नुसतं ओरडणं नाही, स्वरतंतूंच्या वर दुसऱ्या घड्या असतात त्या वापरून तो आवाज काढतात, नीट शिकलेला गायक रोज गाऊ शकते. आणि शब्द कळत नाही म्हणाल तं बंदिशीतले तरी कुठं कळतात, अर्धा तास झाला की समजते सासू-नणंद जाग्या आहेत. म्हणून दोन्हीकडचे शब्द आधी सांगून टाका. घरात आईला कव्हरवरचे सैतान दिसले तं ती काळजी करते, तिला ब्लॅक सॅबथचं युद्धाविरुद्धचं गाणं मराठीत सांगा, पुढारी लढाई लावून देतात आणि गरिबाची पोरं मरतात. ते तिला समजावून सांगावं लागत नाही.

थ्रॅश मेटल मोठं की डेथ मेटल, किराणा घराणं मोठं की जयपूर, हे वाद बैठकीत आणू नका. जेवताना आणा.

शेवटी पेन ड्राइव्ह. प्रत्येकाचं एक फोल्डर, त्यात पाचच गाणी, नावं देवनागरीत लिहा म्हणजे शोधता येतात, आणि महिन्यानं बदला. मास्तरांच्या पेन ड्राइव्हमध्ये माझं फोल्डर 'लोखंड' नावानं आहे. पोळ्याच्या आधी नवीन गाणी टाकायला उघडलं तं त्यात सहावी-सातवी फाईल दिसली, तुकडोजी महाराजांची खंजेरीची दोन भजनं, त्यांनीच टाकलेली, पुढं कंसात लिहिलं होतं: आवाज वाढवून ऐक.