पाइपलाइनचा गंज: आधी जॉइंट सांभाळा

कारखान्यातून पाइप येतो तो पॉलिथिलीनचं तीन थरी कोटिंग घेऊनच. मग दोन पाइप वेल्ड होतात आणि मधला उघडा पट्टा आपण चराच्या काठावर, धुळीत, घाईघाईत झाकतो. जमिनीखालच्या लाइनवर काम करताना बाहेरून लागलेला गंज मला बहुतेक वेळा याच पट्ट्यावर सापडला.

म्हणून तिथे ढिलाई नको. ब्लास्टिंग (खरखरीत कणांचा जोरदार मारा करून सफाई) पोलाद पांढरट दिसेपर्यंत करा. पाइपचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश सेल्सिअसने जास्त असेल तरच पुढे जा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल धरते. ब्लास्टिंग झालेला जॉइंट उद्यावर टाकू नका. दमट हवेत तो रातोरात तांबूस होतो. प्रायमर लावा, स्लीव्हला (तापल्यावर आकसून जॉइंटला बिलगणाऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनाला) मधून कडांकडे ज्योत द्या, म्हणजे हवा निघून जाईल. गार झाल्यावर हॉलिडे डिटेक्टर (कोटिंगमधली छिद्रं ठिणगीने दाखवणारं यंत्र) फिरवा. ठिणगी पडेल तिथे खूण करा, दुरुस्त करा, पुन्हा फिरवा.

'कॅथोडिक प्रोटेक्शन (मातीतून पाइपला करंट देऊन गंज रोखणं) आहे ना!' असं कुणी म्हणालं की मला लाइन तपासायला खणलेला एक खड्डा आठवतो. जमिनीवरून घेतलेलं पाइपच्या व्होल्टेजचं रीडिंग उत्तम होतं. स्लीव्हला कटर लावला तर आतून पाणी ओघळलं, आणि पोलादावर काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा लगदा. नख लावलं तर खाली खड्डे. सुटलेल्या स्लीव्हखाली संरक्षक करंट नीट पोचत नाही. जिवाणूंना मात्र आयतं घर मिळतं.

रीडिंगही नीट घ्या. करंट चालू असताना दिसणाऱ्या आकड्यात मातीतला व्होल्टेज ड्रॉप मिसळलेला असतो. इंटरप्टर (करंट थोडा वेळ तोडणारा स्विच) लावून करंट तुटताक्षणीचा आकडा टिपा. कॉपर सल्फेट सेलच्या (मातीवर टेकवायच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत तो उणे 850 मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण हवा. उणे 1200 च्या पलीकडे मात्र नेऊ नका, कोटिंग सुटायला लागतं.

आतला गंज हे वेगळं दुखणं. गॅसमधलं पाणी सखल भागात तळाला साचतं, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून आम्ल बनतं. ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ आतून गंजलेली गॅसची लाइन फुटून 12 माणसं गेली. गॅस कोरडा करूनच सोडा, ठरल्या वेळी पिग (लाइनच्या आतून सरकत सफाई करणारं साधन) चालवा, गरजेप्रमाणे इनहिबिटर (गंज मंदावणारं रसायन) द्या. आणि पिगसोबत आलेला गाळ फेकू नका. बाटलीत भरून, तारीख लिहून, लोह आणि जिवाणू तपासायला त्याच दिवशी लॅबला पाठवा.