पावसाळ्यात इंजन ठेवून द्यायचंय? आधी एवढं करा
आमच्या पैठणकडं गोदाकाठी जून लागला की पाण्याचं डिझेल इंजन शेडमधी पडून राहतं, अन् रब्बीला हँडल मारायला जावं तर जाम. म्हणून ठेवायच्या आधी 10-15 मिनिटं चालवा, गरम असतानाच काळं ऑइल सोडून नवं भरा, जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं, हे अजिबात टाळू नका. टाकी डिझेलनं काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडरभोवती थंडाव्यासाठी फिरणारं पाणी सोडा. मग एअर क्लीनर काढून हवेच्या तोंडातून दोन चमचे ऑइल टाका, डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडायचा दांडा) उचलून हँडल हळूहळू फिरवा, लायनरला (पिस्टन ज्यात मागंपुढं होतो त्या नळीला) तेलाचा हात बसतो. सायलेन्सरवर डबा पालथा घाला. महिन्यातून एकदा असंच फिरवायचं, स्टार्ट नाही करायचं.