ग्वाटेमालाला निघताय? आधी वार बघा

तिकीट काढण्याआधी, हॉटेलं बघण्याआधी, ऑफिसात रजेचा अर्ज टाकण्याच्याही आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर सात वार लिहा. मग ज्या वारी जिथे आठवडी बाजार भरतो, ते गाव त्या वारापुढे. गुरुवार आणि रविवारपुढे लिहा चिचिकास्तेनांगो, थोडक्यात चिची. मंगळवार आणि शुक्रवारपुढे सोलोला. शुक्रवारपुढेच, वेगळ्या शाईने, सान फ्रान्सिस्को एल आल्तो. हा कागद तयार होईपर्यंत दुसरं काहीही करू नका. गेल्या खेपेला आमच्याकडे व्हिसा होता, विमा होता, ओआरएसची पाकिटं होती, तिकालच्या प्राचीन माया देवळांची उंचीसुद्धा मला पाठ होती, आणि चिचीला आम्ही पोहोचलो सोमवारी. आदल्या दिवशीच्या मांडवांचे खांब काढून भिंतीला लावणं चाललं होतं. म्हणून या यादीत बऱ्याच गोष्टी एका शब्दात उरकेन, पण वाराचा धोशा काही सोडणार नाही.

आठवडी बाजार म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. बाजाराच्या दिवशी गाव वेगळं आणि एरवी वेगळं. तरी परदेशात गेलं की आपण धरून चालतो की प्रसिद्ध बाजार आहे म्हणजे रोज असणार. नसतो. चिचीत रोजची मंडई असते, कापडाची चार दुकानंही उघडी असतात, पण आसपासच्या डोंगरांतले किचे या माया समाजाचे लोक माल घेऊन उतरतात ते गुरुवारी आणि रविवारी. फुलांनी भरलेल्या सांतो तोमास चर्चच्या पायऱ्या, कोपाल धुपाचा धूर, लाकडी मुखवटे, हाताने विणलेले विपील म्हणजे बायकांचे झंपर, हे सगळं त्या दोन दिवसांचं. रविवारी गर्दी जास्त. जमलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, कारण मांडव रात्रीपासून उभे राहायला लागतात आणि आंतिग्वा या जुन्या राजधानीहून पर्यटकांच्या गाड्या येईपर्यंत सकाळचे दोन-तीन तास बाजार गावकऱ्यांचाच असतो. चर्चमध्ये आत फोटो काढायचे नाहीत, पुढच्या पायऱ्या पूजेला आलेल्यांसाठी सोडायच्या, बाजूच्या दाराने जायचं.

सोलोला लोकांना माहीत नसतं, ते आधी ठरवा. अतित्लान तलावाकाठच्या पानाहाचेलपासून ते फार तर आठ किलोमीटर वर आहे, स्थानिक बसने सहज जाता येतं. तिथे पर्यटकासाठी म्हणून फारसं काही मांडलेलं नसतं. कांदे, गाजरं, कोंबड्या, दोरखंड, प्लास्टिकच्या बादल्या. बायकाच नाही, पुरुषसुद्धा पारंपरिक विणलेल्या कपड्यांत बाजाराला आलेले दिसतात. मला विचाराल तर चिचीपेक्षा हा बाजार जास्त खरा आहे. पण मंगळवारी आणि शुक्रवारीच. सान फ्रान्सिस्को एल आल्तो हा गुरांचा आणि कापडाचा मोठा बाजार, उंचावरचा आणि थंडीचा, तो फक्त शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी सोलोला की सान फ्रान्सिस्को, यातलं एकच मिळणार. घरातली भांडणं इथेच उरकून घ्या.

आता जुळवणी. बुधवारी संध्याकाळी पानाहाचेलला पोहोचा, गुरुवारी चिची, शुक्रवारी सोलोला, शनिवारी होडीने तलावाकाठची गावं. किंवा रविवारी चिची, सोमवारी तलाव, मंगळवारी सोलोला. दोन्ही जमतात. तलावावर होडीने फिरायचं ते सकाळी, दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि छोट्या होडीत अंग भिजतं, पाठीला दणके बसतात ते वेगळे. सान हुआन ला लागूनाला वनस्पतींच्या रंगात सूत रंगवणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्था आहेत. तिथे घाई करू नका. आणि सोमवार राजधानीत घालवायचा बेत असेल तर तोही बदला, तिथलं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय सोमवारी बंद असतं. पिएद्रास नेग्रास या माया नगरीचं दगडी सिंहासन तिथे आहे आणि ते चुकवण्यासारखं नाही. बघा, परत वार!

काही गोष्टी मात्र तारखेच्या आहेत. 1 नोव्हेंबरला सुम्पांगो आणि सांतियागो साकातेपेकेसला कागदाचे अवाढव्य पतंग उभे करतात. 21 डिसेंबरला चिचीत सांतो तोमासचा सण, त्या दिवशी उंच खांबावरून दोराला लटकत माणसं गोल फिरत खाली येतात. ईस्टरच्या आधीचा आठवडा आंतिग्वात काढायचा असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या, नाहीतर दुसऱ्या गावात राहून रोज ट्रॅफिकमध्ये बसा. रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे घालतात आणि मिरवणूक त्यांवरून चालत जाते. गर्दी सोसणार असेल तर जरूर जा. पाऊस मे ते ऑक्टोबर, बहुधा दुपारनंतर. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं. शिवाय डोंगरातल्या माया लोकांचं 260 दिवसांचं पंचांग अजून चालू आहे, वीस दिवसांची नावं आणि तेरा आकडे, आणि ते जाणणारे पुजारी आजही दिवस बघून सांगतात. मोमोस्तेनांगोत दर 260 दिवसांनी त्याचा मोठा दिवस साजरा होतो. तुमच्या सहलीत तो येईल ही अपेक्षा ठेवू नका. बाजार साध्या सात वारांवर चालतात, तेवढे सांभाळा.

विमानाचं तिकीट. इथेच वार हातचा निसटतो, म्हणून नीट वाचा. मुंबईतून निघण्याचा वार बघू नका, ग्वाटेमाला सिटीत उतरण्याचा वार बघा. भारतातून थेट विमान नाही. बदलत, थांबत जाण्यात दिवस-दीड दिवस सहज जातो, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. आपल्याकडे गुरुवारी सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा तिथे बुधवारची रात्र असते. हॉटेलवाल्याशी, गाडीवाल्याशी मेसेजवर बोलताना 'उद्या' लिहूच नका. वार आणि तारीख दोन्ही लिहा. प्रत्येक वेळी.

मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकिटाचे पैसे भरण्याआधी बघा. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यात पळवाट नाही. माद्रिदहून ग्वाटेमाला सिटीला थेट विमान आहे, युरोपातून जाणाऱ्यांना ते सोयीचं. ह्यूस्टन किंवा मायामीहूनही थेट जाता येतं, त्यामुळे अमेरिकेतली आपली मंडळी चार दिवसांच्या सुट्टीत सुद्धा निघतात. त्यांच्यासाठी एक इशारा: पासपोर्टवरचा एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का संपलेला असेल तर जाऊ नका. संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती आहे, ग्वाटेमालाला ती लागू नाही. भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसाचं दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाला विचारावं आणि उत्तर ईमेलवर घ्यावं. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांचा आपसात करार आहे आणि चौघांत मिळून 90 दिवसांचा हिशेब धरतात. बेलीझ त्यात नाही, त्याचं सगळं वेगळं.

आणखी एक. आंतिग्वा शोधताना विमान कंपनीची वेबसाइट तुम्हाला व्हिव्हियन रिचर्ड्सच्या अँटिग्वा बेटावर पाठवू शकते. आपल्याला हवं ते गाव ग्वाटेमालात डोंगरात आहे, त्याला विमानतळ नाही, राजधानीत उतरून गाडीने जायचं. 1773च्या भूकंपात मोडलं आणि राजधानी तिथून हलवली, म्हणून ते असं जुनं राहिलं. रस्ते सगळे दगडगोट्यांचे. चाकाची बॅग ओढताना हात दुखतो, टाचेची चप्पल तर नकोच. पाठीवरची बॅग आणि जाड तळाचे, वापरून मऊ झालेले बूट.

कपडे दोन हवांचे हवेत. डिसेंबर-जानेवारीत डोंगरातल्या रात्री चांगल्याच गार असतात, पेतेनच्या, म्हणजे तिकालकडच्या, जंगलात मात्र घाम निथळतो. आकातेनांगो चढून शेजारच्या फुएगो ज्वालामुखीच्या ठिणग्या बघायच्या असतील तर तो डोंगर 3,976 मीटरचा आहे, रात्र वर तंबूत काढतात, आणि जाड जॅकेट भाड्याने मिळतं. घरून नेऊ नका.

चार्जर चालतील, पण प्लग चपट्या दोन पायांचा आणि वीज 120 व्होल्टची. इस्त्री नको.

पैसे. केत्साल हे चलन, एका डॉलरला साधारण साडेसात-पावणेआठ. यूपीआय विसरा. बँकेला सांगून कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्या. डॉलर न्यायचे तर कोरे, कारण कोपरा फाटलेली नोट परत करतात. आणि बाजाराच्या दिवशी, हो, तुम्ही योग्य वारी पोहोचला असाल तर, पाच, दहा आणि वीस केत्सालच्या नोटा हव्यात. शंभरची नोट काढून दहाच्या वस्तूला घासाघीस करणं वाईट दिसतं. एटीएम बँकेच्या आत असलेलंच वापरा.

शाकाहाऱ्यांनो, उपाशी मरणार नाही. टॉर्टिया म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची छोटी जाड भाकरीच, सोबत काळे घेवडे, तळलेली केळी, अवोकाडो. पण 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते, त्यामुळे कोंबडी, मासे आणि चरबी तिन्ही वेगवेगळी नाकारा. घेवड्यात चरबी असू शकते. स्पॅनिशमध्ये चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका. आणि यजमानांना भेट म्हणून वेलदोडे नेण्याचा विचार असेल तर नेऊ नका, जगाला सर्वांत जास्त वेलदोडा हाच देश विकतो, कोबानच्या बाजूला मळेच मळे आहेत. चिवडा न्या.

औषधं: नेहमीची, डासांचं मलम, डॉक्टरांना विचारून हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड. परतताना पनामा किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत फिरणार असाल तर यलो फीव्हरचं कार्ड पाहिजेच. लस किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातून, नाहीतर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत अलग ठेवतात.

तिकाल. राजधानीहून रस्त्याने रात्रभर किंवा विमानाने तासाभरात फ्लोरेस गावाला, तिथून पुढे गाडीने आणखी तास-सव्वा तास. परदेशी माणसाला तिकीट 150 केत्साल, सूर्योदयाच्या फेरीचे 100 वेगळे, पण दर बदलतात. तिकीट आधी काढायची सोय आहे का ते फ्लोरेसलाच विचारा, पासपोर्ट जवळ ठेवा. चौथ्या मंदिराची उंची 65 मीटरच्या आसपास, वर जायला लाकडी जिने. पहिल्या मंदिरावर चढू देत नाहीत, भांडू नका. पहाटे धुकं असलं तर सूर्य दिसणार नाही, पण हाउलर माकडांचं ओरडणं ऐकू येईल आणि त्यासाठी उठणं परवडतं. विजेरी, पाणी, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट. एक रात्र उद्यानातच राहा, दुपारी चारनंतर गर्दी ओसरते. इथे कोणताही वार चालतो, म्हणून बाजारांचे वार आधी बसवा आणि तिकाल उरलेल्या दिवसांत ढकला. उलटं करू नका. आम्ही उलटं केलं होतं.

वेळ असेल तर किरिग्वा आणि कोपान या जुन्या माया नगरी एकत्र करा, कारण त्यांची कहाणी एकच आहे. 738 साली किरिग्वाच्या राजाने कोपानच्या राजाला पकडून त्याचं डोकं उडवलं, आणि मग स्वतःचे मोठाले शिलास्तंभ उभारले. त्यातला एक साडेदहा मीटरचा आहे. कोपान होंडुरासमध्ये, एल फ्लोरिदो सीमेपलीकडे. कोरीव अक्षरांचा जिना बघा, दोन हजारांवर चित्राक्षरं. तिथे चलन लेम्पिरा, सीमेवर थोडेच बदला. व्हिसा आधीच बघितला असेलच.

बेलीझ या वेळी सोडा.

बाकी: ट्रेकची काठी नको, छोटं कुलूप हवं, सिम तिथेच घ्या, माणसांचे फोटो विचारून काढा. जुन्या रंगीत शाळेच्या बसेसमध्ये बॅग वर टपावर जाते, पासपोर्ट अंगावर ठेवा. 'खूप जुनी' म्हणून कोणी मातीची मूर्ती विकायला आणली तर हात लावू नका, खरी असली तर बाहेर नेणं गुन्हा आहे आणि खोटी असली तर महाग आहे. परतीच्या विमानाआधीची रात्र राजधानीत काढा, तलावाकडून येणाऱ्या रस्त्याचा भरवसा नाही. विपील मऊ दिसतात पण चार झाले की वजन भरतं, बॅग हॉटेलातच तोलून घ्या.