दुधाच्या पिशवीचा कोपरा तोडू नका

मुलांनो, आज घरी गेलात की आधी एवढंच बघा : सकाळी दुधाची पिशवी कापली, तिचा कोपरा कुठे गेला? साताऱ्यात आपल्या शाळेमागच्या गटारातून गेल्या पावसाळ्यात असे कोपरे मी ओंजळभर वेचले. पिशवी भंगारवाले काका नेतात, पण नखाएवढा तुकडा कोण उचलणार? म्हणून कात्रीने अर्धीच चीर द्यायची आणि कोपरा पिशवीला लोंबताच ठेवायचा. दूध ओतलं की पिशवी विसळायची, ते पाणी कुंडीत ओतायचं आणि पिशवी चिमट्याने दोरीवर उलटी टांगायची. ओलीच पोत्यात कोंबली तर आंबूस वास सुटतो, मग सगळं पोतंच काका परत करतात. आपलं एकदा केलंच होतं.

कागदाचं हे करून बघा. एका वाटीत जुन्या वहीचं पान, दुसऱ्या वाटीत कंदी पेढ्यांच्या खोक्याचा तुपकट पुठ्ठा. दोन्ही बारीक फाडून कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी बोटांनी कुस्करा. पानाचा मऊ लगदा होईल. दुसऱ्या वाटीवर मात्र तुपाचा तवंग दिसेल. कागद कारखान्यात रद्दीचा असाच लगदा करतात. त्यात तूप शिरलं की नव्या कागदावर डाग पडतात आणि कागदाचे तंतू, म्हणजे बारीक धागे, एकमेकांना नीट धरत नाहीत. म्हणून खोक्याचं कोरडं झाकण रद्दीत टाका, तुपकट तळ फाडून खताच्या खड्ड्यात. आणि वहीची पाठकोरी पानं आधी कच्च्या कामाला वापरा, कारण दर वेळी लगदा करताना तंतू आखूड होतात. कागद साधारण पाच ते सात वेळाच नवा करता येतो. काच आणि ॲल्युमिनियम मात्र पुन्हा पुन्हा वितळवता येतं.

प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. पाण्याच्या बाटलीवर 1, शाम्पूच्या बाटलीवर बहुधा 2. एका आकड्याच्या वस्तू एकत्र ठेवा. वेफर्सची पाकिटं वेगळी काढा. त्यांत प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेला असतो, तो सुटा करणं अवघड, म्हणून काका ती घेत नाहीत. ती पाकिटं मुळात कमीच आणा, डब्यात शेंगदाणे-गूळ आणा.

घड्याळाचे, रिमोटचे संपलेले सेल कशातच मिसळू नका. शनिवारी सकाळच्या शाळेला येताना ते माझ्याकडे द्या, माझ्या टेबलावर झाकणाचा डबा ठेवला आहे.