कपाटातली व्हीएचएस कॅसेट वर्गात दाखवायची तर…

मराठवाड्यातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या कॅसेट सापडल्या, की सरसकट संगणकावर कॉपी करायला बसू नका. जे माहितीपट आजही विकत मिळतात ते विकतच घ्या. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी करा: जत्रेतलं भारूड, गोंधळ, एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होताना पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्यांची मुलाखत हाती लागली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती कॅसेट आधी उतरवायला घ्या.

मग हक्क तपासा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी प्रत करू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे मूळ प्रत असल्यास, जतनासाठी डिजिटल साठवणीची मुभा दिली. तुमच्या ग्रंथालयाला ती लागू होते का, हे विधी विभागाकडून लेखी घ्या. या सवलतींच्या भरवशावर दुसऱ्याचा माहितीपट यूट्यूबवर चढवू नका.

कॅसेटच्या खिडकीतून टेप निरखा. पावसाळ्यातल्या ओलीने बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, घालूच नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगल्या कॅसेटची पाठीमागची छोटी टॅब मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणा.

चालू व्हीसीआर मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम. शोधताना जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे जरूर विचारा. व्हीसीआरची पिवळी पिन चित्रासाठी, लाल-पांढरी आवाजासाठी. तिन्ही यूएसबी कॅप्चर कार्डला, म्हणजे टेपचं चित्र आणि आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणाला, जोडा. चित्र थरथरत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्र स्थिर करणारं उपकरण, लावावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये पाल (भारतातली जुनी टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम निवडा. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून यूपीएस हवाच.

फाइल दोन प्रकारच्या ठेवा. जतनाची प्रत फारशी न दाबता: डीव्ही या फाइल-प्रकारात तासाला सुमारे १३ जीबी लागतात, एफएफव्ही१ या दुसऱ्या प्रकारात त्याहून जास्त, पण त्यात चित्राचा कणही गळत नाही. वर्गासाठीची एमपी४ प्रत वेगळी काढा. तीत डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र एकसंध करा, नाहीतर प्रोजेक्टरवर हलत्या माणसाच्या कडा दातेरी दिसतात.

फाइलला विषय, साल, बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि कॅसेटचा क्रमांक द्या. हे त्याच दिवशी करा. जुन्या लेबलवरची शाई फिकी होत जाते आणि आवाज ओळखणारी माणसंही कायम भेटतील असं नाही. प्रती दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या इमारतींत ठेवा. मूळ कॅसेट रद्दीत घालू नका. पूर्ण गुंडाळून, उभी, उन्हापासून दूर ठेवा. अधिक चांगलं यंत्र मिळालं तर ती पुन्हा उतरवता येईल.