परदेशी लॉ फर्मकडे काम देताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी निर्यातीचे करार आणि वसुली बघते. इंग्लंडच्या एका ग्राहकानं कास्टिंगमध्ये (ओतीव भागांत) ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळ भोकं, निघाली म्हणून डेबिट नोट (रक्कम कापल्याची चिठ्ठी) पाठवली आणि आमचे पैसे अडवले, तेव्हा लंडनच्या लॉ फर्मकडे जायची पहिली वेळ आली. पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं: कायदा इंग्लंडचा, लवाद (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचांकडून निवाडा) लंडनला. ऑर्डर घेताना ते कुणीच वाचलं नव्हतं. पुढे जे पैसे वाया गेले, ते बरेचसे आमच्याच चुकांमुळे गेले. निर्यात करणाऱ्या इतर छोट्या कारखान्यांचं तसं होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

कागदांचा गठ्ठा आहे तसा पाठवणं

सगळ्यात महाग पडली ती ही चूक. तिकडे बहुतेक मोठ्या फर्म तासावर बिल लावतात आणि तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग धरतात. दोन मिनिटांचा फोन झाला तरी एक भाग लागतो. आम्ही दीड वर्षाचे मेल, इन्स्पेक्शन रिपोर्ट, फोटो, सगळं एका झिप फाइलमध्ये कोंबून पाठवलं. पहिल्या बिलाची पहिली ओळ होती: पत्रव्यवहार वाचणे, ४.२ तास. म्हणजे चार तास बारा मिनिटं, तीही पौंडांत. एवढ्या वेळात वकिलानं शोधलं काय, तर कुठला मेल आधीचा, कुठला नंतरचा, हीट नंबर (धातूच्या एका ओतणीचा क्रमांक) कुठल्या इनव्हॉइसला जुळतो आणि मेलमधले ‘साहेब’ म्हणजे कोण. आमच्या डिस्पॅचच्या मुलानं हे अर्ध्या दिवसात लावून दिलं असतं.

आता मी आधी एक पान तयार करते. तीन रकाने: तारीख, काय घडलं, कागदाचा क्रमांक. फाइलच्या नावाची सुरुवात तारखेनं. पानाच्या शेवटी आम्हाला काय विचारायचंय ते दोन-तीन प्रश्नांत. शंका सुचेल तसे मेल टाकत बसायचं नाही. दिवसभराच्या गोळा करून संध्याकाळी एकच मेल. आणि फर्मशी बोलणारा माणूस एकच. मालक वेगळं सांगतात, प्लांट मॅनेजर वेगळं, आणि दोन्ही ऐकण्याचं बिल आपल्याला येतं.

एंगेजमेंट लेटर न वाचता सही करणं

मोठं नाव बघून आपण समजतो की जगभर एकच फर्म आहे. डेंटॉन्स, डीएलए पायपर, बेकर मॅकेन्झी यांच्यासारख्या फर्मची रचनाच अशी आहे की वेगवेगळ्या देशांतल्या कायदेशीर संस्था एका नावाखाली काम करतात. म्हणून आपला करार नेमक्या कुठल्या संस्थेशी होतोय, ते एंगेजमेंट लेटरमध्ये, म्हणजे काम घेताना फर्म देते त्या करारपत्रात, बघा. काम पार्टनर करणार की ज्युनियर, प्रत्येकाचा दर काय, कामात काय धरलंय आणि काय नाही, हेही. टप्प्याटप्प्याचा अंदाज मागा: नोटीस पाठवेपर्यंत किती, लवाद सुरू झाला तर किती. अंदाज ओलांडायच्या आधी फर्म कळवेल, असं लेखी घ्या. मागायला संकोच करू नका. खर्चाची माहिती देणं हे इंग्लंडमधल्या सॉलिसिटरवर (तिकडच्या वकिलावर) नियमानंच बंधनकारक आहे.

भारताचा कायदा त्यांनाच विचारणं

परदेशी वकिलांना भारतीय कायद्याची वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या बालाजी प्रकरणात ते स्पष्ट केलं. इकडचा वकील लागतोच, आणि तो सुरुवातीपासून बरोबर हवा. मुदतीचं उदाहरण घ्या: करारभंगाच्या दाव्याला भारतात साधारण तीन वर्षं, इंग्लंडमध्ये सहा. कुठली लागू, हे गृहीत धरून चालत नाही.

वसुली कुठे करायची, हा प्रश्नही पहिल्याच दिवशी विचारा. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली बहुतेक देशांत अमलात आणता येतो. न्यायालयाच्या निकालाचं तसं नाही. इंग्लंडमधल्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतात थेट अंमलबजावणीला लावता येतो, अमेरिकेतल्या निकालावर मात्र इथे नव्यानं दावा लावावा लागतो. शिवाय इंग्लंडमध्ये हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या खर्चाचा मोठा भाग द्यायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. तडजोडीचा आकडा ठरवताना हा खर्च हिशेबात धरा.

व्हॉट्सॲपवर मोकळेपणानं बोलणं

आमच्या प्लांट मॅनेजरनी ग्राहकाच्या माणसाला रात्री मेसेज केला होता: ‘सॉरी सर, त्या लॉटला सँडमध्ये मॉइश्चर जास्त होतं.’ माणूस सरळ, भावना चांगली. पण साच्याच्या वाळूत ओल जास्त होती, ही दोषाची कबुलीच झाली, आणि समोरच्यांनी तोच मेसेज पुरावा म्हणून पुढे ठेवला. वाद दिसायला लागला की दिलगिरीचं एक वाक्यही वकिलाला दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका. जुने मेसेज पुसू मात्र अजिबात नका. तिकडच्या प्रक्रियेत आपल्या विरोधात जाणारे कागदही दाखवावे लागू शकतात, आणि पुसल्याचं उघड झालं तर आपल्या शब्दाला किंमत राहत नाही. वकिलाचा सल्ला ग्रुपवर किंवा एजंटला फॉरवर्ड करणं तितकंच घातक. एकदा बाहेर गेला की त्याची गोपनीयता सांगणं अवघड होतं.

काम अडलं की हे तपासा

फर्म फाइलच उघडत नसेल तर बहुधा केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं) अडलेलं असतं. २५ टक्क्यांहून जास्त मालकी कुणाची, याची कागदपत्रं त्यांना कायद्यानं घ्यावीच लागतात. पासपोर्टच्या प्रमाणित प्रती आधीच करून ठेवा.

बँक खातं बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवू नका. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. फी पाठवण्याआधी सीएला गाठा: टीडीएसचा प्रश्न येतो, आणि आयात सेवेवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जनं आपल्याला भरावा लागतो.

बिल पटलं नाही तर ते टेबलावर पडू देऊ नका. कुठल्या ओळीला हरकत आहे ते लगेच लेखी कळवा. इंग्लंडच्या सॉलिसिटर्स ॲक्ट १९७४ प्रमाणे बिल मिळाल्यापासून एका महिन्यात अर्ज केला तर न्यायालयाकडून ते तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क असतो. महिना उलटला की ते न्यायालयाच्या मर्जीवर. म्हणून आमच्याकडे बिल आलं की आवक शिक्का मारून तारीख घालतो आणि तिच्यापुढे महिना संपण्याची तारीख लाल पेनानं लिहितो.